खिळ्यावरचा फोन आणि गौरवी

कंपनीचं नाव मी इथे लिहिणार नाही. मला ओळखणाऱ्यांना हे वाचून हसू येईल, कारण नाव घेऊन बोलणं हाच माझा धंदा. ग्रामसभेत, मामलेदाराच्या दारात, पोलीस स्टेशनात, कुठेच मी कोणाचं नाव गिळलेलं नाही. पण ही गोष्ट गौरवी तुयेकरची आहे, आणि ती लिहायची परवानगी तिने याच एका अटीवर दिली. अट का घातली ते शेवटी सांगतो.

कंपनी मोठी आहे एवढं कळलं तरी पुरे. उत्तर गोव्यात तिचा गॅस जातो, इंटरनेट जातं, छपरावर पाणी तापवायचे सोलर बंब जातात आणि पिण्याच्या पाण्याचे फिल्टर जातात. धंदे चार, ऑफिसंही चार. गॅसची तक्रार म्हापशाला, इंटरनेटची पर्वरीला, बंबाची पणजीला. फिल्टरची कुठे, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. आमच्या मये गावचा माणूस दोन बस बदलून, दिवस मोडून जायचा आणि काचेमागचा माणूस मान वर न करता सांगायचा, "हे आमच्याकडे नाही." चार वर्षांपूर्वी याच गोष्टीवर मी डिचोलीत माणसं जमवून कंपनीच्या पायरीवर बसलो होतो. मागणी एकच होती, सगळ्या कामांना एक खिडकी करा. कंपनीने ती मानली. चारही धंद्यांच्या ग्राहकांसाठी एकच पोर्टल करायचं ठरलं. फोनवर उघडा, गॅस मागवा, तक्रार टाका, सगळं एकाच दारातून. मला त्याचा अभिमान होता आणि अजून आहे. शाळा सातवीत सुटलेल्या माणसाने कंपनीला कामाला लावलं, हे मी चारचौघांत सांगायला लाजत नाही.

मग गेल्या वर्षी जुलैत, एका दुपारी, ही बाई सगुणच्या पसऱ्यावर आली. पसरा म्हणजे आमच्या वाड्याच्या, आमच्या वस्तीच्या, तोंडावरचं किराणा दुकान. मयेच्या तळ्यावर बोटीत बसायला येणारे पर्यटक खाली राहतात, आम्ही वर. तिथे मी, सगुण आणि गोपाळ सोडा पीत बसलो होतो. गोपाळ पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा, आता दिवसभर सगुणच्या बाकावर बसतो.

"बाबाजीबाब तुम्हीच?" तिने विचारलं.

"हय. तू कोणाची?"

"मी गौरवी. पार्सेची. कंपनीतून आले. तुमच्या एका फोन नंबरावर आमच्याकडे अठ्ठेचाळीस घरांची कनेक्शनं आहेत. सबंध तालुक्यात एवढा मोठा ग्राहक दुसरा नाही."

माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. ही चौकशीला आली असं मला वाटलं आणि मी सुटलो. अठ्ठेचाळीस घरांना चोर ठरवायला आलीस काय, कंपनीचे लोक एसीत बसून आमच्यावर संशय घेतात काय, अमुक काय, तमुक काय. दहा मिनिटं तरी बोललो असेन. तिने बॅग बाकावर ठेवली, सगुणकडे लिंबूसोडा मागितला आणि तो संपवला.

"झालं? आता मी विचारू? हा नंबर तुमच्या खिशात असतो की घरी?"

सगुणने हाताने दाखवलं. "खिशात खंयचो? तो पळय, खिळ्यार आसा."

जनेलाजवळच्या, म्हणजे खिडकीजवळच्या, खिळ्याला कापडी पिशवी आणि पिशवीत बटणांचा जुना फोन. सिमकार्ड माझ्या नावाचं. आमच्या वाड्यावर रेंज नाही. घराघरांत मोठे फोन आहेत, पण ते सिनेमे बघायचे. बोलायचं तर टेकडी चढायची, नाहीतर सगुणच्या या जनेलाकडे यायचं. कंपनीचे फॉर्म आले तेव्हा मीच ते सगळ्यांचे भरले. फोन नंबराचा रकाना आला की जो तो म्हणायचा, "बाबाजी, खिळ्यावरचोच घाल." मी घातला. फोन वाजला की सगुणची बायको रुक्मिणी तो उचलते. कोणाचा सिलिंडर येतोय, कोणाच्या फिल्टरचा माणूस येतोय, ते दुकानाच्या फळीवर खडूने लिहिते. जो कोणी पाव घ्यायला येतो तो फळी वाचतो आणि वाटेतल्या घरांना निरोप देत जातो. सहा वर्षांत एकही निरोप चुकला नव्हता.

गौरवीने लॅपटॉप उघडून मला दाखवलं. पोर्टलचा नियम असा, की माणूस फोन नंबरावरून ओळखायचा. एक नंबर म्हणजे एक ग्राहक. नंबर टाकला की त्यावर सहा आकडे येतात, ते घातले की दार उघडतं. चार धंद्यांच्या याद्या या नियमाने एकत्र केल्या, तेव्हा आमच्या वाड्यावरची अठ्ठेचाळीस घरं आटून एक माणूस झाला. नाव बाबाजी. राहतो अठ्ठेचाळीस घरांत. पाणी पितो सतरा फिल्टरांचं. मशीनने त्याच्यापुढे लाल खूण करून लिहिलं होतं, संशयास्पद.

"मग?" मी म्हटलं.

"पोर्टल चालू होणार चवथीच्या बारा दिवस आधी. लाल खूण असेल त्यांचा पुरवठा बंद. एकेकाने घराचे कागद घेऊन पणजीला यायचं, मग सुरू."

मयेच्या माणसाकडे घराचे कागद मागायचे! आमच्यापैकी कितीकांच्या घराखालच्या जमिनीचा निकाल आज्यापासून लागतोच आहे. आणि चवथ, म्हणजे आमचा गणपती. बाहेरगावची सगळी माणसं घरी, देव फळाफुलांच्या माटोळीखाली, चुलीवर करंज्यांसारख्या नेवऱ्या तळायच्या, आणि गॅस नाही.

"हा नियम केला कोणत्या शहाण्याने?" मी ओरडलो.

"मी," ती म्हणाली. "पोर्टलचं डिझाइन माझ्याकडे आहे. तो नियम माझाच."

एवढं सरळ उत्तर मला कंपनीच्या माणसाकडून कधी मिळालं नव्हतं. 

पुढचे दोन दिवस ती पसऱ्यावरच होती. म्हणाली, सोपं आहे, प्रत्येकाचा वेगळा नंबर घेते आणि लाल खूण पुसते. मी हसलो, पण थांबवलं नाही. बसू दे, बघू दे. त्या दोन दिवसांत तिची माहिती मला मिळाली, थोडी तिच्याकडून, थोडी रुक्मिणीने काढून घेतलेली. रुक्मिणी सावंतवाडीकडची. तिच्यापुढे पोलीसही गुपित ठेवू शकणार नाही.

गौरवीची आई भाग्यलक्ष्मी पार्सेत काजू भाजून सोलते आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात विकते. गौरवी लहानपणी दर सुट्टीत आईच्या शेजारी, पाटीला टेकून बसायची. आई तिला सांगायची, गिऱ्हाईक आधी हात लावतं, मग विचारतं, म्हणून चांगले काजू हाताशी ठेव. म्हापशाला कॉलेजात कॉम्प्युटर शिकली आणि याच कंपनीच्या म्हापशातल्या गॅसच्या खिडकीवर लागली. काचेमागे नऊ वर्षं काढली. पेडण्याकडची माणसं यायची, आमच्याकडची यायची, शिव्या द्यायची. तिने एक वही ठेवली होती. लोक खिडकीत येऊन पहिलं वाक्य काय बोलतात, ते त्यांच्याच शब्दांत लिहायची. बिलाबद्दल फार नव्हतं, तक्रारीही वाटतात तेवढ्या नव्हत्या. पानापानावर एकच वाक्य होतं, "कधी येतलो?"

पोर्टलचं काम निघालं तेव्हा बाहेरगावच्या तज्ज्ञांनी पहिल्या पानावर कंपनीच्या मालकांचा फोटो आणि सवलतींच्या पाट्या लावल्या होत्या. ही त्या बैठकीत मागे बसून पाणी देणाऱ्यांच्या रांगेतली. हिने वही पुढे केली. म्हणाली, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'कधी येणार' एवढंच ठेवा, बाकीचं खाली ढकला. ते वरच्यांना पटलं. सहा महिन्यांत डिझाइनची सगळी टीम हिच्या हाताखाली आली. पार्सेत तिच्या आईला शेजारणी विचारायच्या, "तुझी चली कितें करता?" आई सांगायची, "खिडकी करता." खोटं नव्हतंच ते.

नंबर गोळा करायचं काम मात्र फसलं. एकाने नंबर दिला तो परदेशी बोटीवर नोकरीला गेलेल्या मुलाचा. दुसऱ्याने भाच्याचा, भाचा पुण्यात. तिसरा दर दोन महिन्यांनी सिमकार्ड बदलतो. आणि निम्म्या बायकांनी तिला तोंडावर सांगितलं, "आमचो नंबर दिलो तर तुमचे विकपी दिसभर फोन करतले. खिळ्यारचो बरो." दुसऱ्या दिवशी दुपारी ती हिरमुसून बाकावर बसली होती. तेवढ्यात फोन वाजला. रुक्मिणीने ओले हात पुसून उचलला, ऐकलं, खडू घेतला, फळीवर दोन नावं लिहिली. पाववाल्या पोदेराच्या सायकलवरून पाव घेणाऱ्या एका बाईने ती वाचली आणि जाता जाता हाक घातली. पाच मिनिटांत वरच्या घरातली म्हातारी रिकामा सिलिंडर अंगणात ठेवून उभी.

गौरवी फळीकडे बघत राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, "अरे, हे तर काउंटर आहे. मी नऊ वर्षं काउंटरवर होते, आणि हे मला दिसलं नाही."

"आता दिसलं?" मी टोमणा मारला.

"दिसलं. अठ्ठेचाळीस घरांना अठ्ठेचाळीस फोन नकोच आहेत. ग्राहक म्हणजे घर. फोन हा नुसता निरोपाचा. नियमच उलटा करायला हवा." तिने तिथेच कागदावर चौकोन काढायला सुरुवात केली. सगुण म्हणाला, "बाये, जेवन जा." तिने ऐकलंच नाही.

आता इथे माझं लिहायला हवं, लपवून चालणार नाही. तिने मला लॅपटॉपवरचं ते लाल खुणेचं पान दाखवलं तेव्हा मी त्याचा माझ्या फोनमध्ये फोटो काढला होता. तिला दिसलं होतं, तिने विश्वासाने काढू दिला. ती पणजीला परतली. तीन दिवसांनी खिळ्यावर तिचा फोन आला, की तिचे वरचे अधिकारी प्रज्योतसाहेब नियम बदलायला तयार नाहीत. सगळं ठरलंय, पाहुणे बोलावलेत, एका वाड्यासाठी थांबता येणार नाही. सोमवारी संचालकांपुढे बैठक आहे, तिथे ती शेवटचा प्रयत्न करणार. "तोवर तुम्ही काही करू नका, बाबाजीबाब."

मी काही न करणारा माणूस असतो तर माझं नाव कोणाला माहीत असतं? त्याच संध्याकाळी मी तो फोटो डिचोलीच्या सगळ्या ग्रुपांत टाकला. खाली लिहिलं, 'कंपनी मयेवाल्यांना चोर म्हणते.' सकाळपर्यंत तो पेडण्याला पोचला होता.

आणि तिचा फोन आला.

"फोटो तुम्ही टाकलात?"

"टाकला. कोणाला भीत नाही मी."

"तुम्हाला भ्यायची गरजच नाही. त्या फोटोत फिल्टरवाल्या सतरा घरांची नावं, पत्ते आहेत. ते बाहेर कोणी दिलं, असं मला विचारतायत. मी सांगितलं, मी दाखवलं." "मी ते तुम्हाला दाखवलं होतं, गावाला नाही."



"आता एक करा," ती म्हणाली. "सोमवारी अकरा वाजता पसऱ्यावर बसा आणि तोंड उघडू नका. रुक्मिणीवैनीला काहीही सांगू नका. ती रोज वागते तशीच वागू दे."

सोमवारी साडेदहापासून मी बाकावर. शेजारी गोपाळ सोडा घेऊन. अकरा वाजून गेल्यावर खिळ्यावरच्या फोनात मेसेजची टिणटिण झाली. रुक्मिणीने वाचून पाहिलं. "आकडे इले. कोणी मागल्यान काय रे?" कोणी मागितले नव्हते. पाच मिनिटं गेली. मग फोन वाजला. रुक्मिणीला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती फोन नेहमी मोठ्या आवाजावर लावते. सगळा पसरा ऐकत होता.

"हॅलो, मी प्रज्योत बोलतोय, पणजीहून. आता तुमच्याकडे सहा आकडे आलेत, ते सांगा."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तुमी कोण?"

"अहो, मी कंपनीचा अधिकारी आहे. लवकर सांगा, वेळ संपतोय."

"कंपनीचे? मग मुळीच सांगूचंय नाय. तुमच्याच कागदार छापलेला आसा, आकडो कंपनीच्या माणसाकय सांगू नको म्हणान."

पलीकडे कोणीतरी खाकरलं. साहेबाचा आवाज जरा खाली आला. बहुतेक शेजारून कोणी कागद पुढे केला असावा.

"बरं, मी गोपाळच्या घरातून बोलतोय असं समजा. मयेचे गोपाळ, घर क्रमांक…"

"गोपाळ माझ्या समोर सोडो पिता हा," रुक्मिणी म्हणाली. "तुमी गोपाळाचे कोण? कोणाचे झील? तुमचा नाव माझ्या फळीर नाय. वळख नाय, पाळख नाय, आणि आकडो व्हयो!"

त्यावर पणजीत जो हशा पिकला तो आम्ही मयेत ऐकला. गोपाळला ठसका लागला. हशा ओसरल्यावर एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "बाई, तुम्ही आमच्याकडे नोकरीला येता का?"

"मगे पसरो कोण बघतलो?" असं म्हणून रुक्मिणीने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "बघलास? चोर असतत हे. बाबाजी, तू पोलिसात सांग."

पलीकडे काय झालं ते मला नंतर कळलं. गौरवीने संचालकांपुढे भाषण केलंच नव्हतं. पोर्टल उघडून लॅपटॉप प्रज्योतसाहेबांपुढे सरकवला होता आणि म्हटलं होतं, "सर, समजा तुम्ही मयेला वरच्या वाड्यावर राहता, फोन खिळ्यावर आहे. तुमचा गॅस कधी येणार ते बघून दाखवा." आकड्यांची मुदत संपली, साहेब बाहेरच राहिले. मग तिने विचारलं, "आपलं यंत्र फक्त आकडे जुळतात का ते बघतं. त्या बाईंनी माणूस बघितला. दोघांत चोराला कोण अडवेल?"

नियम उलटा झाला. ग्राहक म्हणजे घर, आणि फोन त्या घराने सांगितलेला निरोपाचा नंबर. एकाच नंबरावर कितीही घरं चालतील, प्रत्येक घराचं कार्ड वेगळं, आणि घराचा आकडा त्या कार्डावरच्या गुपित शब्दाशिवाय कोणाला मिळणार नाही. काम वाढलं म्हणून पोर्टल चवथीच्या पुढे गेलं. अठ्ठेचाळीस चुली पेटल्या. आमच्याकडच्या नेवऱ्यांचा एक डबा सगुणने पार्सेला पाठवला.

ऑक्टोबरात डिचोलीत पोर्टलचं उद्घाटन झालं. मला पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची. स्टेजवर प्रज्योतसाहेब बोलायला उभे राहिले. "मयेच्या त्या फोनवर मी स्वतः बोललो," ते म्हणाले, "आणि त्या क्षणी मला सुचलं, की ग्राहक म्हणजे घर." टाळ्या पडल्या. मी गौरवीला शोधत होतो. ती स्टेजवर नव्हती. शेवटच्या रांगेत, दाराजवळ उभी होती. शेजारच्या खुर्चीवरच्या कंपनीच्या माणसाने माझ्या कानात सांगितलं, फोटोच्या प्रकरणात तिला मेमो मिळाला, टीम काढून घेतली, म्हापशाच्या खिडकीवर परत पाठवली. लोकांना पोर्टल शिकवायला.

मी उठलो. माझा आवाज माईकशिवाय चौकापर्यंत जातो. तोंड उघडलंच होतं. तिने तिथून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. एकदाच, नको अशी. पायरीवर बसायचं, घोषणा द्यायच्या, मार खायचा, सगळं मी केलंय. पण त्या दिवशी खाली बसण्याइतकं कठीण काम मी कधी केलेलं नाही. बसलो. टाळ्यासुद्धा वाजवल्या, असं सगुण म्हणतो. मला आठवत नाही.

पुढच्या शुक्रवारी मी म्हापशाला गेलो. बाजाराचा दिवस, खिडकीपुढे रांग. तासभर उभा राहून माझा नंबर आला. काचेमागे ती, हाताशी नवी कोरी वही.

"बोला," ती म्हणाली.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "तो फोटो टाकायला नको होता."

तिने मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंस?"

"गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य." मग जरा हसली. "हे याआधी कोणी बोललं नव्हतं."

"मी सगळं लिहून काढतो. पेपरात देतो. त्या प्रज्योताचं, कंपनीचं नाव घालून. पोर्टल कोणी केलं ते कळू दे लोकांना."

"लिहा. पण कंपनीचं नाव नको."

"का? भितेस?"

"भीत नाही. तुम्ही नाव घालून शिव्या दिल्यात की लोक म्हणतील, त्या कंपनीचं पोर्टल ना, नको ते. आणि परत दोन बस बदलून इथे येऊन उभे राहतील. ते पोर्टल मी केलंय, बाबाजीबाब. ते चाललं पाहिजे." मग तिने काचेच्या भोकातून माझ्या हातातला फोन मागितला. "आणि आता इतकं आलाच आहात तर उघडून दाखवा. तुमचा गॅस कधी येणार?"

मी बोटाने चाचपडत होतो. ते मोठ्या अक्षरांचं पान उघडलं आणि त्यावर लिहिलं होतं, मंगळवार.

तोवर रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या एका काजूवाल्या बाईने पाटीचा काठ माझ्या बरगडीत खुपसला. "झालां मरे तुजां? कळलां न्हय कधी येता ता? मगे सर."

मी सरलो.